एका मापाला दोन नावं

आत्याचा बुटांचा कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक कुरकुरणारं शिलाई मशीन. तिथे सगळी मापं बोटांत चालत. "चौदा बोटं आणि जरासं!" असं आत्या ओरडली की कारागीर तेवढंच चामडं कापायचा. भाचीने या मापांचा प्रोग्राम लिहायला घेतला आणि पहिली पंचाईत इथेच झाली. कॉम्प्युटरला आकडा कळतो, बोट कळत नाही. बोटाचे मिलिमीटर कसे करायचे हा नियम आपणच लिहून द्यावा लागतो. तिने आत्याचं बोट पट्टीवर आडवं धरून त्याची रुंदी मोजली.

"आणि 'जरासं' म्हणजे किती गं?"

"जरासं म्हणजे जरासं! त्यात काय मोजायचंय?"

बरीच घासाघीस होऊन 'जरासं' दोन मिलिमीटर ठरलं.

सोमवारी भाचीला दूरच्या कंपनीत रुजू व्हायचं होतं, आणि तिला मुळीच जायचं नव्हतं. तिला इथेच राहायचं होतं, चामड्याच्या वासात, आत्याची बडबड ऐकत. आत्याने अट घातली होती, "एक जोड तुझ्या प्रोग्रामने करू. पायात नीट बसला तर राहा. नाहीतर गुपचूप गाडीत बसायचं."

गिऱ्हाईक होते शिट्टीवाले सर, शाळेत खेळ शिकवणारे. त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा चांगलाच मोठा. अशा वेळी आत्या आधी उजवा पाय मोजायची, तेच माप डाव्याला द्यायची आणि मग डाव्यात फरक करायची. भाचीने प्रोग्राममध्ये अगदी तसंच केलं. उजव्याचं माप डाव्याला दिलं, मग डाव्यात अर्धं बोट वाढवलं. कापणी झाली, शिलाई झाली. मध्ये लुडबुड करणार नाही असा शब्द आत्याने दिला होता आणि तो पाळता पाळता तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

सरांनी डावा बूट घातला आणि जागच्या जागी उडी मारली. "आयुष्यात पहिल्यांदा हा पाय सुखात आहे हो!" मग उजवा घालून दोन पावलं टाकली. पाय पुढे गेला, बूट मागेच राहिला.

भाचीच्या तोंडचं पाणी पळालं. ती लॅपटॉपला चिकटली, वरपासून एकेक ओळ वाचत गेली आणि मग तिने कपाळावर हात मारून घेतला.

"आत्या, चूक कॉम्प्युटरची नाही, माझी आहे. डाव्याला उजव्याचं माप दे म्हटलं, तर याने दुसरं माप केलंच नाही. एकाच मापाला दोन नावं लावली. मी डावा वाढवला, तसा उजवाही वाढला."

"म्हणजे एकाच घराच्या दारावर दोन पाट्या," सर म्हणाले. त्यांना भलतीच मजा वाटत होती.

"अगदी तसंच. डाव्याला वेगळी प्रत काढून द्यायला हवी होती."

तिने ती एक ओळ बदलली. आता डावा वाढवला तरी उजवा जागचा हलला नाही. आत्याने डोळे बारीक करून ते पुन्हा पुन्हा करायला लावलं, मग 'हं' म्हणाली. सरांना उजव्या बुटासाठी परवा बोलावलं.

ते गेल्यावर भाची लॅपटॉपची वायर गुंडाळू लागली. अट ती अट. तिला रडू येत होतं आणि ते आत्याला दिसू द्यायचं नव्हतं.

तेवढ्यात आत्याने चपला काढल्या आणि दोन्ही पाय कोऱ्या कागदावर ठेवले.

"हे काय?"

"माझे पाय. अख्ख्या गावाला बूट केले, पण हे कुणाला मोजू दिले नाहीत. आपलं आपल्याला मोजता येत नाही, वाकलं की पाय पसरतो. आणि दुसऱ्याच्या हातावर माझा भरवसा नव्हता."

"पण जोड कुठे बसला, आत्या?"

"एक तर बसला! दुसरा का नाही बसला तेही तू लगेच सांगितलंस, आणि सरांसमोर चूक अंगावर घेतलीस. मला आणखी काय हवंय? बस खाली. कंपनीला कळव, सोमवारी वाट बघू नका म्हणावं."

भाचीला हसू आणि रडू एकदमच फुटलं. ती गुडघ्यावर बसली आणि आत्याच्या तळव्याला पट्टी लावली.

"अगं, गुदगुल्या होतात ना, सटवे!" आत्या किंचाळली, पण पाय काही तिने मागे घेतला नाही.