फुगडीतली हरवलेली तोंडं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, जोगेश्वरीच्या गुणाजीआजोबांच्या घरातला. वय वर्षं बारा. माणसांत हे वय पोराचं, आमच्यात पणजोबांचं! नवा होतो तेव्हा माझी पूजा झाली होती. पुढे घरात मोबाईल आले आणि माझ्यावर इस्त्रीचे कपडे साठू लागले. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

यंदा गणपतीआधी आजोबांची नात अक्षता एक छोटी कॅसेट घेऊन माझ्याकडे आली. तीत गावच्या गणपतीतली फुगडी होती. खेळणाऱ्या दोघी म्हणजे अक्षताच्या शेवंतीआजी आणि त्यांची धाकटी जाऊ माणिक. माणिकआजी आता नाहीत; त्यांचं हसणं तेवढं त्या कॅसेटमध्ये उरलं होतं. शेजारच्या हर्षदच्या कॅमेऱ्यावर ती चालवून मी सगळं उतरवून घेतलं, आणि लगेच त्या मेल्या कॅमेऱ्याने फीत चावून टाकली. आता सगळी भिस्त माझ्यावर!

फाईल झाली अगडबंब. अक्षताला ती नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची होती. दर सेकंदाच्या चित्राला किती जागा द्यायची, तो बिटरेटचा आकडा तिने पार तळाला नेला आणि फाईल बारीक करून पहिलं मिनिट पाहिलं. त्यात नुसता मखरातला गणपती.

"झकास दिसतंय! आता मोठी फाईल उडवते."

मूर्ती जागची हलत नाही, तिला थोडी जागा पुरते. फुगडीला कशी पुरणार? पण मला फक्त घरघरता येतं.

"थांब गो," शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, "आधी फुगडी दाखव."

फुगडी लागली. पडद्यावर नुसते चौकोन गरगरत होते.

"अगो, ह्यां काय? माझी नि माणिकची तोंडां खंय गेली?" आजींचे डोळे भरून आले.

अक्षताने माऊसवरचा हात झटकन काढला. "आजी, वाट लागली असती गं!"

मग तिने फुगडीचे सर्वांत जोरातले दहा सेकंद तोडून घेतले, आकडा वाढवत वाढवत पाहिलं. परीक्षक अर्थातच आजी.

"नथ दिसते का?"

"नथ दिसता, पण डोळे खंय?"

तिसऱ्या खेपेला आजी ओरडल्याच, "ही बघ माझी माणिक! हसता कशी!"

सावकाश काम केलं तर चित्र जास्त नीट येतं, म्हणून अक्षताने मला सावकाशीवर लावलं. माझ्यावरचे कपडे आजींनी स्वतः उचलले. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी राबलो, तापलो, पण हूं की चूं केलं नाही. मोठी फाईलही जपून ठेवलीय, दोन ठिकाणी.

मित्रांनो, तुमच्या घरच्या आठवणी खुशाल बारीक करा. पण पारख धावत्या, नाचत्या चित्रावर करा, आणि शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय मूळ फाईलला हात लावू नका.

त्या संध्याकाळी फुगडी लागली, तेव्हा खुर्चीतल्या आजींनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. फुगडीला धरतात तसे, एकावर एक.