दारावरचं स्वागत

चर्चच्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात शिंपीणबाईंच्या वाट्याला दारावर पाहुण्यांचं स्वागत करण्याचा सराव आला. अनोळखी माणसासमोर त्यांची बोबडीच वळायची. तेवढ्यात पिशवी घेऊन एक गृहस्थ आत आले. चर्चचे धर्मगुरू असलेल्या पाळकांनीच सरावासाठी हा लुटुपुटुचा पाहुणा धाडला असणार, असं समजून बाईंनी धीर एकवटला.

"या भाऊ, बसा. घरी कोण कोण असतं?" चहा देऊन त्यांनी मनसोक्त गप्पा मारल्या.

पाळक धावत आले. "अहो, हे तर नळ दुरुस्त करायला आलेत!"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्लंबर मात्र खळखळून हसले. "ताई, कामावर गेल्यावर मला आधी 'बसा' कुणी म्हणतच नाही. रविवारी प्रार्थना किती वाजता असते?"

"नऊला," बाई ठसक्यात म्हणाल्या, "आणि वहिनींनाही आणा!"