बदली कीपर

"तुझा कीपर सारखा खेळतोय रे. त्याचे गुडघं काय लोखंडाचं हायत?" चंदूने विचारले.

सोमा हसला, पण कीपर बदलला नाही. दोघे ओट्यावर फाशांचे क्रिकेट खेळत होते. शेजारी शेजारी राहायचे, आणि महाडच्या एमआयडीसीत एकाच रसायन कारखान्यात, एकाच पाळीला काम करायचे. रविवारी हा खेळ. काडेपेट्यांच्या पुठ्ठ्याचे तुकडे म्हणजे खेळाडू. फासा पडेल तेवढ्या धावा, पाच पडले की बाद. प्रत्येकाचा राखीव खेळाडूंसकट संघ होता आणि सगळा पावसाळा त्यांची स्पर्धा चालली होती.

सोमा आपला भरवशाचा कीपर कधीच बाहेर बसवत नसे, त्यावरून दर रविवारी वाद होई. शेवटी चंदूने नियम काढला. कीपर लागोपाठ तीन सामने खेळला की चौथ्याला आपोआप बाहेर, राखीव आत. कप्तानाला विचारायचेच नाही.

सोमाने कीपरचा पुठ्ठा उचलून उलटसुलट करून पाहिला. लग्नाआधी तो स्वतः गावच्या संघात यष्टींमागे उभा राहत असे.

"बराबर हाय," तो म्हणाला. "कीपरला कोन इचारत नाय. नि तो आपनहून कदी सांगत पन नाय."

त्याची बायको येसूबाई चहा घेऊन दारात उभी होती. कप खाली ठेवायचे सोडून तिने विचारले, "मंग त्याच्या जागी कोन?"

"राखीव असतो ना, वयनी," चंदू म्हणाला.

"नि नसला तर?"

तो संघ करतानाच घ्यायला पाहिजे, असे सोमाने फासा खुळखुळवत सांगितले. तेवढ्यात आतून सासूची हाक आली आणि येसूबाई गेली.

कमळाबाईंचे अर्धे अंग लुळे पडल्यापासून येसूबाई घराबाहेर कुठे राहिली नव्हती. सासूला कुशीवर वळवायचे, पुसायचे, भरवायचे, मग तिचे धुणे. अलीकडे वाकली की तिला कंबर धरूनच उठावे लागे. सोमा पाळी करून यायचा, आईच्या उशाशी बसून चार शब्द बोलायचा आणि आडवा व्हायचा. तोही थकलेलाच असे.

पुढच्या रविवारी सकाळी येसूबाई धुतलेले पातळ नेसून बाहेर आली. ती सव गावी बहिणीकडे, आवडीकडे निघाली होती. तिकडे कोण आजारी आहे का, असे सोमाने विचारले.

"कोन नाय. सांजच्या गाडीनं येते."

"नि आयेला?"

"तुमी हाव ना."

पेज गाळून द्या, दोन्ही कुशींवर वळवा, कोरडी फडकी दोरीवर आहेत, एवढे सांगून ती निघाली. फाटकापर्यंत जाऊन थांबली, पण वळली नाही.

सवला पोचल्यावर आवडीने तिला कंबरेसाठी गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचे ठरवले. येसूबाई म्हणाली, जरा पडते, मग जाऊ. ती पडली आणि झोपली. आवडीने जेवायला उठवले, तेव्हा चार घास खाऊन परत झोपली. कुंडावर जाणे झालेच नाही. गाडीची वेळ झाली तेव्हा आवडीने तिला हलवून जागे केले आणि ती थांब्यापर्यंत सोबत आली.

घरी आली तेव्हा अंगणात ओल्या चादरी वेड्यावाकड्या लोंबत होत्या. आत करपलेल्या पेजेचा वास होता. सोमा भिंतीला टेकून, तोंड उघडे टाकून झोपला होता. आईचे डोके त्याच्या मांडीवर होते, आणि त्याच्या सदऱ्याची पुढची बाजू सगळी भिजलेली होती.

येसूबाईने पिशवी ठेवायला हात पुढे केला.

कमळाबाई जाग्या होत्या. त्यांनी चालणारा हात उचलून तिला थांबवले. जिभेवर शब्द जमवायला त्यांना वेळ लागला.

"बस गो जरा," त्या हळूच म्हणाल्या. "निजलाय."

येसूबाई उंबऱ्यावरच टेकली. अंधारत आले होते, पण दिवा लावायला ती उठली नाही. पिशवी मांडीवर धरून, परक्या घरी पाहुणी आल्यासारखी ती बसून राहिली.