डब्याच्या झाकणाचा चमत्कार

चाकणजवळच्या टेकडीवर ऊर्जामहाराजांच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. पेट्रोलची रिक्षा विकून इलेक्ट्रिक घेतलेले झाडून सगळे चालक जमले होते. चार भक्तांना घेऊन एक रिक्षा चढ चढून आली, तेव्हा बॅटरीचा काटा लाल पट्ट्यात घसरल्याचं आतल्या चौघांनी पाहिलं. महाराजांनी सीटखाली मंत्र कोरलेलं तांब्याचं यंत्र ठेवलं, सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि दहा मिनिटं जप चालवला. डोळे उघडून पाहतात तो काटा हिरव्यात! मांडव जयजयकाराने दणाणला.

महाराजांच्या जिभेलाही चार्जिंग लागत नसे. प्लगमधली वीज तामसी, यंत्र खेचतं ती सात्त्विक; व्रत एकवीस दिवसांचं, तोवर रिक्षा चार्जिंगला लावायची नाही, लावली की यंत्र रुसलं.

मागे उभ्या जयमालाचं डोकं फिरलं होतं. सात वर्षं एका कंपनीत बॅटरी तपासून ती आता स्वतःची रिक्षा चालवत होती. तिच्या सासूबाई शालनबाईंनी कालच तिच्या सीटखाली यंत्र ठेवून चार्जरची वायर कपाटात कुलपात घातली होती. आणि परवा, व्रताच्या तिसऱ्या दिवशी, तिच्यासारखीच रिक्षा चालवणाऱ्या स्वरूपाची गाडी शाळेची पोरं घेऊन हायवेवर मधोमध बंद पडली होती. मागच्या ट्रेलरवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून पोरं वाचली. उद्यापासून तीच पोरं जयमालाच्या रिक्षात बसणार होती.

ती तडक आपली रिक्षा मांडवापुढे घेऊन आली. सीटखालचं यंत्र काढून तिने पुढेच बसलेल्या सासूच्या हातात ठेवलं.

"जयमाला, वाटोळं व्हईल गं," शालनबाई कापऱ्या आवाजात म्हणाल्या.

"होऊ दे, आत्याबाई. माझं होईल, पोरांचं नको."

स्वरूपासह चौघींना रिक्षात बसवून ती टेकडीखाली गेली आणि चढ चढून परत आली. काटा लाल पट्ट्यात. तिने आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण सीटखाली सरकवलं आणि बजावलं, जप करायचा नाही, डोळेही मिटायचे नाहीत. सगळे टक लावून बसले. काटा आपसूक वर चढला.

"इथं श्रद्धा नाही, म्हणून हा भास आहे," महाराज गरजले.

"मग माझ्या झाकणावर कुणाची श्रद्धा होती?" जयमालाने विचारलं. मांडवात हशा पिकला.

मग तिने कंपनीत पहिल्याच दिवशी शिकवतात ते सांगितलं. चढावर मोटर जोरात वीज ओढते, म्हणून काटा पडतो; रिक्षा उभी राहिली की सावरतो. बॅटरीत वीज कणभरही वाढत नाही. खात्री पटावी म्हणून तिने आणखी तीन फेऱ्या मारल्या. दर थांब्याला काटा आधीपेक्षा थोडा खालीच थांबला. तोवर महाराजांची गादी रिकामी झाली होती.

"काटा वर आला तर का आला, ते विचारा," ती म्हणाली. "विचारल्याने देव रागावत नाही. जो रागावतो, त्याच्या भरवशावर पोरं हायवेवर नेऊ नका."

शालनबाई तांब्याचा तुकडा मुठीत धरून सुनेच्या रिक्षात बसल्या. घरी पोहोचल्यावर त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं आणि वायर स्वतःच्या हाताने प्लगला लावली.