स्पीकरला लावलेली खळ

"फाटलेलं दिसलं की दिवस मावळायच्या आत सांधायचं, द्वारका. आन् सांधलं म्हणून सांगत फिरायचं न्हाय."

सासूबाई, प्रयागबाई, जाऊन बरीच वर्षं झाली. पण चातुर्मास लागला की द्वारकाबाईंच्या कानात हे शब्द पुन्हा घुमायला लागत. कुणी कांदा-वांगं सोडतं, कुणी एकभुक्त राहतं. द्वारकाबाई ते करायच्याच, शिवाय रोज कुणाचं तरी काहीतरी गुपचूप सांधून द्यायच्या. पणदरे गावात कुणाच्या छत्रीला टाका पडलेला दिसला, की माणसं ओळखायची आणि गप्प बसायची.

त्या दिवशी मात्र गोठ्यामागच्या शेडमध्ये त्यांना घबाडच सापडलं.

शेड पुतण्याच्या, ऋषिराजच्या ताब्यात होती. तो गिटार वाजवायचा, त्याचा मित्र ज्ञानेश ड्रम बडवायचा आणि वालचंदनगरच्या कॉलनीतली मोना गायची. ग्रंज नावाचं गाणं होतं म्हणे. तिघांच्या जन्माआधी अमेरिकेतल्या पोरांनी काढलेलं, खरखरीत गिटारीचं. ते परत आणायचं असं तिघांच्या मनानं घेतलं होतं. द्वारकाबाईंना त्यातलं एवढंच कळे, की आधी पोरगी हळू गुणगुणते, म्हशी रवंथ करत ऐकतात आणि मग एकदम आभाळ कोसळतं. म्हशींना सवय झाली होती. द्वारकाबाईंनाही.

संध्याकाळी बारामतीत कॉलेजच्या मैदानावर तिघांचा पहिलाच कार्यक्रम होता. पोरं टेम्पो बघायला गेलेली. द्वारकाबाई केर काढायला आत शिरल्या, तर समोर भजनी मंडळानं टाकून दिलेला जुना स्पीकर. आतला कागद चांगला वीतभर फाटलेला. दोरीवर चौकड्यांचे शर्ट, कोपरांवर विरलेले. मोनाच्या जीन्सच्या गुडघ्यावर तर नुसती जाळी.

"असली लक्तरं घालून चारचौघांत जाणार लेकरं!" त्यांनी पदर खोचला.

त्यांनी कणकेची खळ शिजवली, जुन्या मलमलीची पट्टी कापली आणि स्पीकरचा कागद असा बसवला की सांधा दिसू नये. मग सुईदोरा घेऊन कपड्यांना बसल्या.

पोरं परतली. ऋषिराजनं गिटार स्पीकरला जोडून तार छेडली आणि तो थिजला. आवाज कसा, तर सकाळी रेडिओवर अभंग लागावा तसा स्वच्छ.

"कुणी हात लावला ह्याला?"

"आणि माझी जीन्स कुणी शिवली?" मोना किंचाळली. "टीप बघ, मशीनसारखी!"

दारात चहाचा ट्रे घेऊन द्वारकाबाई उभ्या होत्या. सांगितलं तर नेम मोडतो. न सांगावं, तर पोरांचं तोंड बघवत नव्हतं. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"मी, बाबा. माझंच काम हाय ते."

"काकी! अगं, फाटका होता म्हणूनच मागून आणला होता तो. नवी यंत्रं लावून बघितली, तसा खरखरीत आवाज कशातनं निघंना."

"मग मंडळानं का टाकला?"

"त्यांना इट्टल ऐकायचा होता!"

ज्ञानेशनं ब्लेड काढलं. "थांब, आता फाडतो."

"ए शहाण्या, ठेव ते," द्वारकाबाई म्हणाल्या. आजवर त्यांचा आवाज कुणी एवढा चढलेला ऐकला नव्हता. "खळ कणकेची हाय. पाण्यानं सुटंल. पण कागद भिजला, तर मात्र सगळंच गेलं."

त्यांनी फडकं ओलं करून घट्ट पिळलं, पट्टीवर टेकवलं आणि वाट बघत राहिल्या. तिघं माना खाली घालून भोवती बसले. लेकराच्या जखमेवरचं फडकं काढावं तशी त्यांनी पट्टीची कड उचलली. थोडी सुटली. पुन्हा फडकं टेकवलं. कागद ओलसर झाला होता. बोट जरा जड पडतं, तर लगदाच. नामस्मरण चालू होतं, पण ओठ हलत नव्हते. शेवटचं टोक सुटलं आणि चीर जशीच्या तशी उघडी पडली.

कागद वाळू दिला. मग ऋषिराजनं भीतभीत तार छेडली.

खर्रर्र! पत्रा थरारला, म्हैस फुरफुरली. ज्ञानेशनं उडी मारून ड्रमवर असा दणका दिला की कपातला चहा बाहेर आला.

"हा बघ! हाच तो!" ऋषिराज नाचायलाच लागला.

मोनानं द्वारकाबाईंना कडकडून मिठी मारली.

"सोड गं, सोवळ्यातली हाय मी," त्या म्हणाल्या, पण हसू आवरेना. "जीन्सबी उसवून देऊ का?"

"नको, काकू! ही टीप मी मिरवणार आहे. पण एक शब्द द्या. तुम्ही यायचं. पुढच्या रांगेत, अगदी स्पीकरसमोर."

"मी? दिवेलागणीला हरिपाठ असतो माझा."

"एसटीत म्हणा की. मग उतरून आमचा गोंधळ ऐका."

"कान फुटले तर?"

"ते सांधायला नेमाचा एक दिवस ठेव, काकी," ऋषिराज म्हणाला, आणि सगळी शेड हसली.

"बरं. दिला शब्द."

टेम्पोत ड्रमनंच जागा अडवली होती, तेव्हा पोरं पुढं गेली. द्वारकाबाईंनी हातपाय धुतले, इरकल लुगडं नेसल्या. जाऊबाईंना एवढंच म्हणाल्या, "तुळशीपाशी आज तू दिवा लाव." पिशवीत पोथी आणि पोरांसाठी शेंगदाण्याचे लाडू घेऊन, पदर डोक्यावर ओढून, त्या उसाच्या कडेकडेनं बारामतीच्या एसटीच्या थांब्याकडे चालू लागल्या.