कोरडी होडी

दुकानामागच्या अंगणात आक्काच्या वडिलांची होडी कित्येक वर्षं पालथी पडली होती. तिच्यावर धुतलेलं अस्तर वाळायचं, खाली मांजरी व्यायच्या आणि भावजयीचा तिला पाहून रोज पारा चढायचा.

"नुसती जागा अडवलीय! कापडाची थानं काय माझ्या डोक्यावर ठेवू?"

"विका की. लाकूडच ते," आक्का शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणायची. आणि तिला ते खरंच वाटायचं, हेच तर वाईट. भावाच्या शिंपीकामाच्या दुकानात टिपा मारता मारता बाईला स्वतःचाच विसर पडला होता.

शेवटी भावाने गिऱ्हाईक आणलं. तळ्याकाठचा हॉटेलवाला, पाहुण्यांना फिरवायला होडी हवी होती त्याला. आता भाऊ असा शूर की बादलीतल्या पाण्यालाही वचकून असायचा. तेव्हा होडी चालवून दाखवायचं काम आक्काच्या गळ्यात पडलं.

चौघांनी होडी उचलून तळ्यात सोडली. हॉटेलवाला आत बसला. आक्काने पदर खोचला, वल्ही धरली आणि पहिलाच हात मारला. होडी काठापासून सुटली. पायाखालची जमीन गेली. हे सुटणं! लहानपणी ती यासाठी जेवण टाकून पळायची. दुसरा हात, तिसरा हात. खांदे कुरकुरले, पण चुकले नाहीत. वडिलांच्या मागे उन्हात बसलेली ती मुलगी इतकी वर्षं कुठे होती? आक्काला रडू यायला लागलं.

"अहो बाई, पाणी!" हॉटेलवाल्याने बूट वर घेतले. "ही तर चाळण आहे!"

फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपत होतं. आक्काने जीभ चावली. जमिनीवर पडून लाकूड आकसतं. होडी आधी दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे फळ्या फुगतात आणि सांधे मिटतात. वडील दर उन्हाळ्यानंतर तेच करायचे. ती साफ विसरली होती.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आक्काने होडी वळवली.

"जुनी झालीय हो," ती म्हणाली आणि होडी काठाला लावली. हॉटेलवाला ओले मोजे पिळत निघून गेला.

संध्याकाळी भाऊ शोधत आला, तर आक्का गुडघाभर पाण्यात उभी राहून होडीत दगड भरत होती. होडी हळूहळू बुडत होती.

"आक्का, वेड लागलं काय? बुडवतेस कशाला?"

"दोन दिवसांत सांधे मिटतील. मग थेंब आत यायचा नाही."

भावाचा चेहरा उजळला. "मग आधी बोलायचंस ना! बोलावतो त्याला परत."

"नको," आक्का म्हणाली. "मला माहीत होतं. मुद्दाम नाही सांगितलं. ती विकायची नाही. माझी आहे ती."

आक्का आजवर कधी कशाला 'माझं' म्हणाली नव्हती.

"आणि थानं? घरात तुझी भावजय मला जगू देईल का?"

"माझ्या खोलीत ठेव. पार छतापर्यंत रच."

"आणि तू कुठे राहशील?"

आक्काने शेवटचा दगड आत ठेवला. होडी पाण्याखाली गेली, तरी तिचा हात होडीच्या काठावरून निघेना.

"निजायला कोपरा पुरे," ती म्हणाली. "उजाडलं की मी इथेच असेन."