तातेरावांना आवतन न्हाई

राजूरच्या तातेरावांना रविवारी साठ वर्षं पूर्ण होणार होती. जालन्याच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या त्यांच्या अक्षतानं आईला फोन केला.

"आई, पप्पांना सरप्राइज द्यायचं."

"किती मोठं असतंय ते?" बेबीनंदाबाईंनी विचारलं.

"वस्तू नाही गं. सगळ्यांना जेवायला बोलवायचं, फक्त पप्पांना कळू द्यायचं नाही."

"घर त्यांचं, वाढदिवस त्यांचा, अन् आवतन त्यांनाच न्हाई? त्यांनी काय घोडं मारलं?"

अक्षतानं अर्थ पुन्हा उदाहरणासकट सांगितला. बेबीनंदाबाईंना तो कळला, पटला नाही. तरी शिकलेल्या लेकीचा शब्द म्हणून त्या घरोघर आवतन देऊन आल्या. "ह्यांना बिलकुल सांगू नका," असं दारादारात बजावलं.

आमच्याकडं माणूस उपाशी झोपेल, पण आवतनाशिवाय पंगतीला बसणार नाही. तातेराव तर फोनवरचं आवतनही मोजत नसत.

रविवारी सकाळी ते दाढीला गेले, तर न्हाव्याकडं ही रांग.

"आज काय लगीन हाय का?"

"जेवायला जायचंय," शेजारचे काकासाहेब बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"कुणाकडं?"

"ते सांगता येत न्हाई."

तातेराव अर्ध्या दाढीनिशी उठले, घरी आले आणि पिशवी भरू लागले.

"वाटूरला चाललो बहिणीकडं. सगळ्या गावाला आवतन, अन् मला न्हाई!"

केक घेऊन आलेली अक्षता गव्हाच्या कोठीमागं लपली होती. तिथून ती आईला हातानं 'नको, नको' करत राहिली. बेबीनंदाबाईंनी एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा चुलीवरच्या मोठ्या पातेल्याकडं. मग हात धुतले, पदर सारखा केला, मागच्या दारानं बाहेर पडून वळसा घातला आणि स्वतःच्याच पुढच्या दारात पाहुणीसारख्या उभ्या राहिल्या.

"आज अक्षताच्या पप्पांची साठी हाय. सात वाजता जेवायला यायचं बरं का. सगळ्यांनी."

तातेरावांनी पिशवी खाली ठेवली.

"अस्सं बराबर. येतो. आमच्या मंडळीलाबी आणतो."

संध्याकाळी ते उरलेली दाढी करून काकासाहेबांकडं जाऊन बसले आणि सातला त्यांच्यासोबतच आले. घरात अंधार होता. दिवे लागले, सगळे ओरडले, "सरप्राइज!" सगळ्यांत मोठा आवाज तातेरावांचा.

"पप्पा, तुम्ही नसतं ओरडायचं!" अक्षतानं कपाळाला हात लावला.

"का म्हणून? मला आवतन हाय."

आणि ते पंगतीत पहिल्या पाटावर जाऊन बसले.